कंत्राटी काम, घरातले आजारपण आणि राहून गेलेला स्वतःचा उपचार

सासूबाईंना दाखवायला एक बाई नेहमी येतात. वय चाळिशीच्या पुढे. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. त्यांची फाइल पाहण्यासारखी असते. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, गोळ्यांची यादी वेगळ्या कागदावर, रक्तदाबाच्या नोंदी वहीत. त्या दिवशी सासूबाईंची तपासणी झाली, औषधे लिहून दिली आणि उठता उठता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, दोन दिवस डोकं जड आहे, एखादी गोळी लिहून द्या ना." मी त्यांचा रक्तदाब मोजला. १६८/१०४. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला तरी १६४/१००. विचारल्यावर कळले की तीन वर्षांपूर्वी त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. आठ महिन्यांपूर्वी ती संपली आणि नंतर आणलीच गेली नाही. ज्या घरात एकीचा रक्तदाब रोज वहीत लिहिला जातो, त्याच घरात दुसरीचा आठ महिने कोणी मोजला नव्हता.

या बाई पाच दुकानदारांचे हिशेब घरून लिहितात. महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात, पगारी रजा नाही. "घरीच असते, त्यामुळे मला वेळ आहे असं सगळ्यांना वाटतं," त्या म्हणाल्या.

तुमचे कामही असे असेल, म्हणजे कंत्राटावर, तासावर, ऑर्डरवर किंवा घरून, आणि घरात एखादे आजारी माणूस, लहान मूल किंवा थकलेले आईवडील असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अशा कामात वेळ आपल्या हातात असते हे खरे. म्हणून तर आपण ते स्वीकारतो. पण ती मोकळी वेळ सगळ्यात आधी इतरांसाठी वापरली जाते आणि स्वतःचा उपचार शेवटी राहतो.

कामाच्या वेळा डॉक्टरांना सांगा

ओपीडीत आम्ही वय विचारतो, वजन बघतो, आधीचे आजार विचारतो. "जेवता किती वाजता? झोपता किती वाजता? कोणत्या दिवशी येणे शक्य नाही?" हे प्रश्न गर्दीत बरेचदा राहून जातात. मग "सकाळी नाश्त्यानंतर एक, रात्री जेवणानंतर एक" असे लिहून आम्ही मोकळे होतो. तुमचा नाश्ता अकराला आणि रात्रीचे जेवण बाराला असेल तर त्या चिठ्ठीचा अर्थच बदलतो. औषध चुकले की फाइलवर "औषधे नियमित घेत नाही" असा शेरा पडतो. खरे तर पुष्कळदा रुग्ण बेफिकीर नसतो, चिठ्ठी त्याच्या दिवसाला लागू पडणारी नसते. ही चूक आमचीही आहे.

म्हणून पुढच्या वेळी आपणहून सांगा. दिवसातले पहिले आणि शेवटचे खाणे साधारण किती वाजता होते, रोज बदलते का, सलग झोप किती तास मिळते, गाडी किती चालवता, कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह आहे का आणि महिन्यातले कोणते दिवस अजिबात मोकळे नसतात. दोन मिनिटांत सांगून होते. यातल्या प्रत्येक उत्तराने औषध बदलू शकते.

मधुमेहाचे उदाहरण घ्या. ॲपवरच्या ऑर्डर पोहोचवणारा एखादा तरुण दुपारचे जेवण कधी एकला करतो, कधी चारला, कधी नुसत्या वडापावावर भागवतो. त्याला ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि गोळीनंतर जेवण लांबले, तर साखर खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि त्या वेळी तो दुचाकीवर असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा अशी लक्षणे जाणवली, तर गाडी लगेच बाजूला घ्या. तीन चमचे साखर पाण्यातून किंवा तेवढीच गोड असलेली एखादी वस्तू लगेच खा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि बरे वाटल्यावर नीट काहीतरी खाऊन मगच निघा. साखरेची पुडी खिशात हवी, डिकीत नको. ज्यांच्या जेवणाची वेळ ठरलेली नाही त्यांच्यासाठी साखर एकदम खाली न नेणाऱ्या गोळ्याही असतात. पण तुम्ही सांगितलेच नाही तर डॉक्टरांना ते सुचणार कसे?

दुसरे उदाहरण बायकांचे, आणि त्या ते क्वचितच बोलून दाखवतात. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या उपचारात लघवी जास्त करवणारी गोळी असते. दिवसभर घरोघरी सर्वेक्षण करणारी किंवा सोसायट्यांमध्ये फिरून वस्तू विकणारी बाई ती गोळी सकाळी घेत नाही, कारण बाहेर जायला जागा नसते. काही जणी तर पाणीच पीत नाहीत. मग मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. ही गोळी काही रुग्णांना काम संपवून घरी आल्यावर, दुपारी चार-पाचच्या सुमारास घेता येते. काहींची बदलताही येते. लाजू नका, सांगा.

काही औषधांना वेळेची लवचीकता असते. ॲम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची गोळी शरीरात बराच काळ टिकते, ती सकाळी आठऐवजी अकराला घेतल्याने बिघडत नाही. रोज घेतली जाणे महत्त्वाचे. थायरॉइडची गोळी मात्र उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या किमान अर्धा तास आधी हवी. फिटच्या औषधांना फारशी सूट नाही. एखादा डोस चुकला आणि त्यात रात्रीचे जागरण झाले की झटका येण्याची शक्यता वाढते, म्हणून फिटच्या रुग्णाने रात्रपाळीचे कंत्राट घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावेच. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या अचानक कधीही थांबवू नयेत. कोणतीही गोळी घ्यायची राहिली तर साधारण नियम असा, की आठवल्यावर घ्यावी, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

एका फेरीत किती कामे होतील?

पगारी रजा नसलेल्या माणसाला दवाखान्याची एक फेरी फक्त तपासणी फीला पडत नाही. रिक्षाचे भाडे, बुडालेली रोजंदारी, हातची गेलेली ऑर्डर हे सगळे त्यात येते. "उद्या उपाशीपोटी या" असे आम्ही सहज सांगतो, तेव्हा आम्ही तुमचा आणखी एक दिवस मागत असतो.

त्यामुळे कोणती तपासणी खरोखर उपाशीपोटी हवी हे विचारा. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी दिवसात केव्हाही, जेवल्यानंतरही करता येते. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि क्रिएटिनिन यांनाही उपाशी राहावे लागत नाही. कोलेस्टेरॉलसाठीही बहुतेकांना उपाशी राहण्याची गरज नसते. म्हणजे काम संपवून संध्याकाळी घरी जाता जाता रक्त देता येईल. घरच्या रुग्णाला दाखवायला आणता त्याच दिवशी स्वतःचा केसपेपरही काढा. एका रिक्षात दोघांचे काम होते.

रक्तदाब स्थिर असेल तर दरवेळी येण्याचीही गरज नसते. घरी दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र असेल तर भेटीच्या आधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर ठेवा, दंड हृदयाच्या उंचीला असू द्या. घरी घेतलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवे. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही मोफत दूरसेवाही आहे, किरकोळ तक्रारीला किंवा जुने औषध पुढे चालू ठेवावे का हे विचारायला ती उपयोगी पडते. छातीत दुखत असेल तर मात्र फोनवर सल्ला घेत बसू नका.

ज्याला थांबता येत नाही

ही यादी मी मुद्दाम छोटी ठेवतो, म्हणजे लक्षात राहील. छातीत दाब किंवा दुखणे, त्यातही घाम आणि धाप असेल तर. तोंड वाकडे होणे, एका हाताची ताकद जाणे, बोलणे अडखळणे, मग ते दहा मिनिटांत बरे झाले तरीही. उलटीतून किंवा शौचातून रक्त, शौच डांबरासारखे काळे होणे. गरोदरपणात रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे. मधुमेह असताना पायाला झालेली जखम. यातल्या कशासाठीही "ही ऑर्डर संपवून जातो" किंवा "मुलाची परीक्षा होऊ दे" म्हणू नका. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते.

याउलट साधा हर्निया, मोतीबिंदू किंवा त्रास न देणारा पित्ताशयातला खडा यांची शस्त्रक्रिया बहुधा काही आठवडे मागेपुढे करता येते. कंत्राट संपून दुसरे सुरू होण्याच्या मधला काळ किंवा शाळेची सुट्टी पाहून तारीख मागा. असे विचारण्यात काही गैर नाही. किती थांबणे सुरक्षित आहे आणि कोणते लक्षण दिसले तर थांबायचे नाही, हे मात्र डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या.

दिवसा सेवा, रात्री काम

घरून काम करणाऱ्यांची झोप ठरलेल्या पद्धतीने जाते. दिवसभर रुग्णाचे करायचे, मुलांचे करायचे आणि सगळे झोपल्यावर रात्री दहाला लॅपटॉप उघडायचा. दोनला झोपायचे, साडेपाचला डबा. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. ती महिनोन्महिने साडेतीन-चार तासांवर आली की रक्तदाब वाढतो, साखर बिघडते, चिडचिड होते आणि कामातल्या चुका वाढतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. तो हिशेब पैसे मिळणाऱ्या कामाचा होता. घरातल्या सेवेचे तास वेगळेच.

"झोप वाढवा" असे नुसते सांगणे सोपे आहे. तेव्हा थोडे नेमके बोलू. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितले जाते. हवेची गादी आणली तरी कूस बदलणे सुटत नाही. पण त्वचा चांगली असेल आणि गादी योग्य असेल तर काही रुग्णांच्या बाबतीत रात्रीचे अंतर वाढवता येते. तुमच्या रुग्णाला ते चालेल का, हे त्वचा दाखवून डॉक्टरांना किंवा नर्सला विचारा. दोनऐवजी तीन-चार तास सलग मिळाले तरी फरक पडतो. रुग्णाला रात्री लघवीसाठी सारखे उठावे लागत असेल तर पाण्याच्या आणि गोळ्यांच्या वेळा बदलून ते कमी करता येते का, हेही विचारा. रुग्णाला एकट्याने उचलू नका. कमरेत वाकून ओढण्यापेक्षा खाली घातलेल्या चादरीने दोघांनी सरकवणे कमरेला बरे. सेवा करणाऱ्याची कंबर गेली तर घर बसते.

मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, विनाकारण रडू येणे, रुग्णावर ओरडून नंतर स्वतःचाच राग येणे असे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर ते "स्वभाव चिडका झाला" म्हणून सोडू नका. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. जीव द्यावासा वाटत असेल तर वाट न पाहता घरात कोणाला तरी सांगा आणि लगेच या क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

"वहिनी, तुम्ही घरीच असता ना!"

हे वाक्य मी तपासणीच्या खोलीत अनेकदा ऐकले आहे. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ऑफिसला जाणाऱ्याचे काम दिसते, घरी बसून केलेले दिसत नाही, एवढेच. पण त्या एका वाक्याने सगळी सेवा एका माणसाकडे जाते. बहुधा सुनेकडे, मुलीकडे किंवा ज्याची नोकरी पक्की नाही त्या मुलाकडे.

माझा अनुभव असा आहे की "मला जरा मदत करा" म्हटल्याने काही होत नाही. काम नाव घेऊन द्यावे लागते. "भावजी, गुरुवारची फिजिओथेरपी तुमच्याकडे." "ताई, महिन्याची औषधं तुम्ही मागवा, यादी मी पाठवते." "रविवारी दुपारी दोन ते सहा आईंजवळ कोणीतरी बसायचं, मी त्या वेळात झोपणार आहे." लांब राहणाऱ्यांना पैशांचा वाटा देता येतो. त्यातून आठवड्याला काही तास प्रशिक्षित मदतनीस ठेवता येते. वडिलांचे डायलिसिस असेल तर साधारण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. हे कंत्राटी काम करणाऱ्या एकट्या मुलाने वर्षानुवर्षे ओढणे शक्य नाही. अशा वेळी डायलिसिस केंद्राकडे पहाटेची किंवा संध्याकाळची पाळी मागून पाहा आणि नेण्या-आणण्याचे दिवस वाटून घ्या.

घरात हे बोलणे अवघड जात असेल तर पुढच्या तपासणीला दीर, नणंद, भाऊ, जो कोणी असेल त्याला बरोबर आणा आणि आम्हाला आधी सांगून ठेवा. डॉक्टरांच्या तोंडून "यांचा रक्तदाब वाढला आहे, रात्रीचं जागरण यांना चालणार नाही" हे ऐकले की पुष्कळदा काम होते. तीच गोष्ट तुम्ही वर्षभर सांगत असता, ते वेगळे!

कागदपत्रे आणि हक्क

तुम्ही एखाद्या ठेकेदारामार्फत कंपनीत किंवा रुग्णालयात काम करत असाल आणि पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, तुम्हाला लागू होण्याची शक्यता आहे. साधारणपणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना ती लागू असते आणि कंत्राटी कामगारही तिच्यात येतात. पगाराच्या चिठ्ठीवर ०.७५ टक्के कपात दिसते का पाहा. कपात असेल तर तुमच्याबरोबर कुटुंबालाही उपचार मिळतात. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कमही मिळते. कपात होत असूनही अनेकांनी कार्डच काढलेले नसते. गरोदर बाईने गेल्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम केले असेल तर पगारी प्रसूती रजा मागता येते, निव्वळ कंत्राटी म्हणून ती नाकारता येत नाही.

स्वतःच्या जोरावर काम घेणाऱ्यांना, वरच्या हिशेब लिहिणाऱ्या बाईंसारख्यांना, यातले काही लागू होत नाही. त्यांनी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती आधीच करून घ्यावी. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, ते सांगतात. या योजनेतून दाखल होऊन करायचे ठरावीक उपचार होतात, रोजच्या गोळ्यांचा खर्च मिळत नाही. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराची सोय आहे. आधार कार्डावर नोंदणी होते. ती घरात सगळे ठीक असताना करून ठेवा.

लेखाच्या सुरुवातीला ज्या बाई आल्या होत्या त्यांची तारीख आम्ही त्यांच्या कामावरून ठरवली. जीएसटीचे एक विवरणपत्र महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि दुसरे २० तारखेपर्यंत जाते. त्या आधीचे दिवस त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून आता त्या २२ ते २५ च्या दरम्यान येतात, सासूबाईंच्याच फेरीत. गोळी एकच आहे, दिवसातून एकदा. सासूबाईंच्या सकाळच्या गोळ्यांच्या डबीतच त्यांची पट्टी ठेवली आहे, आणि वहीत आता दोन रकाने आहेत. गेल्या वेळची नोंद १३४/८४ होती. मार्चअखेरीला ती पुन्हा थोडी वर जाईल असा माझा अंदाज आहे, म्हणून एप्रिलची तारीख आधीच लिहून दिली आहे.